कडक स्पेक टायर आणि मातीचा ट्रॅक : पकड मिळवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका माळावर आम्ही काही मंडळी दिवाळीपासून वळवाच्या पावसापर्यंत मातीच्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर कार्ट, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्या, चालवतो. गाड्यांची कामे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या लहानशा वर्कशॉपमध्ये होतात, आणि दर हंगामात नवी मुले, त्यांतली बरीचशी अभियांत्रिकीची, तेच तेच प्रश्न घेऊन येतात. आमच्याकडे सर्वांना एकाच कंपनीचा, एकाच कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) आणि मुद्दाम कडक निवडलेला टायर वापरावा लागतो, आणि त्याला कोणतेही रसायन लावण्यास मनाई आहे. या चौकटीत राहून पकड कशी मिळवायची, याची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. दिलेले आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. शेवटचा आकडा तुमच्या ट्रॅकवरच सापडेल.

स्पेक टायर म्हणजे काय, आणि तो मुद्दाम कडक का निवडतात?

नियमावलीने नेमून दिलेला, सर्वांना सारखा असलेला टायर म्हणजे स्पेक टायर. ही पद्धत मोठ्या शर्यतींतही आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०११ पासून सर्व संघ पिरेलीचेच टायर वापरतात आणि रोटॅक्स मॅक्स कार्टिंगमध्ये मोजो टायर नेमलेले असतात. मातीच्या कार्टिंगमध्ये मात्र त्यामागे खर्चाचे कारण अधिक मोठे आहे. अमेरिकेत हा खेळ सर्वाधिक रुजलेला आहे, आणि तेथे मऊ टायरला आतून-बाहेरून रसायने पाजून त्या दिवसाच्या मातीसाठी तो तयार करण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे हिरिरीने उतरणाऱ्या स्पर्धकाला टायरचे अनेक संच बाळगावे लागतात. या खर्चाला आळा घालण्यासाठी काही क्लबांनी कडक टायर आणि रसायनबंदी असलेले स्पर्धा-गट सुरू केले. कडक टायर झिजत नाही असे नाही, पण तो निदान हंगाम काढतो.

कडक टायर मातीवर एवढा का घसरतो?

रबराची पकड मुख्यतः दोन गोष्टींतून येते. रबर पृष्ठभागाला थोडेसे चिकटते, आणि पृष्ठभागावरच्या बारीक उंचसखलपणाभोवती दबून पुन्हा मूळ आकारात येताना हालचालीला विरोध करते. मऊ रबर अगदी बारीक कणांभोवतीही लपेटले जाते, तर कडक रबर कणांच्या टोकांवरून तरंगत जाते. मातीवर यात तिसरी गोष्ट मिसळते, ती म्हणजे टायरखालची मातीच सुटून सरकणे. टायर आणि माती यांपैकी जे आधी हार मानेल तेथे गाडी घसरते. माती सुटी असेल तर मऊ टायरही फारसा उपयोगाचा नसतो, आणि नेमक्या अशा वेळी कडक टायरवाल्याचे नुकसान सर्वांत कमी असते.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. कडक कंपाउंडला काम करण्यासाठी अधिक तापावे लागते; मातीवर घर्षण कमी असल्यामुळे उष्णता कमी तयार होते, आणि जी होते त्यातली बरीचशी ओलसर माती शोषून घेते. टायर बदलण्याची मुभा नसल्यामुळे शोध इतरत्र घ्यावा लागतो : मातीतला ओलावा, चाकावर येणारे वजन आणि चालवणाऱ्याचे हात. पुढील बहुतेक उत्तरे या तिन्हींभोवतीच फिरतात.

आपल्या भागातील कोणती माती ट्रॅकसाठी चांगली?

अमेरिकेत जॉर्जिया आणि कॅरोलायना या राज्यांतील तांबडी चिकण माती मातीच्या ट्रॅकसाठी नावाजलेली आहे. तिच्यात केओलिनाइट प्रकारची चिकण असते. ही चिकण पाण्याने फारशी फुगत नाही आणि वाळताना तिला मोठ्या भेगा पडत नाहीत. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी माती साताऱ्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जावळी, पाटण आणि महाबळेश्वरकडे, जांभ्यापासून झालेली आहे. परंतु तेथे पावसाचे प्रमाण आणि डोंगरउतार पाहता सपाट, कोरडा माळ मिळणे अवघड असते.

कृष्णा-वारणा काठची काळी माती उसाला सोने आहे, ट्रॅकला नाही. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतील चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती टायरवर थराथराने चढते, आणि दोन फेऱ्यांत चारही चाके भाकरीच्या पिठात लोळून आल्यासारखी दिसतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्याकडील माण-खटाव येथील मुरमाड जमीन याच्या उलट असते. ती पाणी धरत नाही, आणि वरचे सुटे खडे टायरखाली छर्‍यांसारखे फिरतात.

आम्ही मुरमाच्या पायावर पाझर तलावातला गाळ मिसळला. अंदाजे तीन घमेली चाळलेला मुरूम आणि एक घमेले गाळ असे प्रमाण धरून चार बोटांचा थर दिला, पाणी मारले आणि रोलर फिरवला. मुरूम भार घेतो आणि गाळ ओलावा धरून ठेवतो. गाळ जास्त झाला तर ट्रॅक बुळबुळीत होतो. पहिल्या वर्षी आम्ही ती चूक केली होती. तालमीतल्या हौद्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण तेथे तेल-ताक घालून माती मऊ राखायची असते, आणि येथे तीच माती दाबून घट्ट बसवायची असते.

ट्रॅक तयार आहे हे कसे ओळखावे?

शेतकऱ्याला हा प्रश्न विचारावा लागत नाही, कारण त्याच्याकडे त्यासाठी शब्दच आहे : वाफसा. पेरणीयोग्य वाफसा आणि कडक टायरला हवा असलेला ट्रॅक यांत थोडाच फरक आहे. ट्रॅकला वरचा थर दाबलेला लागतो, पण ओलाव्याची पातळी जवळपास तीच असते. मूठभर माती घेऊन लाडू वळावा. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी आहे. वळला, पण तळहातावर चिखलाचा ओलसर ठसा राहिला तर ती जास्त ओली आहे. लाडू वळला, हात जवळजवळ स्वच्छ राहिला आणि कंबरेच्या उंचीवरून सोडल्यावर लाडवाचे तीन-चार तुकडे झाले, तर गाडी बाहेर काढावी.

दुसरी चाचणी रेसिंग लाइनवर (गाड्या ज्या वाटेने जातात त्या पट्ट्यावर), वळणाच्या मध्यावर करावी. अंगठ्याचे नख मातीत दाबले असता खूण उमटावी, पण माती उकरली जाऊ नये. बुटाचा तळवा दाबून फिरवला असता चरचर न होता हलकासा चिकटल्यासारखा आवाज आला, तर अशा पृष्ठभागावर कडक टायर सर्वांत चांगला चालतो.

ट्रॅकवर पाणी किती आणि केव्हा मारावे?

आदल्या संध्याकाळी भरपूर आणि शर्यतीच्या दिवशी थोडे. सकाळी टँकर रिकामा केल्यास पाणी वरच राहते, वरचा थर निसरडा होतो आणि खालची माती कोरडीच राहते. रात्रभर मुरलेले पाणी उलट खालून वर येत राहते आणि दुपारपर्यंत पृष्ठभागाला ओल पुरवते. शर्यतींच्या मधल्या वेळेत फवाऱ्याने केवळ धूळ बसेल एवढेच शिंपावे.

मीठ, कॅल्शियम क्लोराइड किंवा साखर कारखान्यातली मळी टाकली तर?

कॅल्शियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि म्हणून धूळ दाबण्यासाठी परदेशात ते कच्च्या रस्त्यांवर आणि ट्रॅकवर वापरले जाते. आपल्याकडे मी ते वापरू देत नाही. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत आधीच क्षारपड जमिनीचे दुखणे आहे. करमणुकीसाठी कोणाच्या माळावर क्षार ओतणे शोभत नाही, आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, गंज लागतो तो वेगळाच. मळीने पृष्ठभाग चिकट होतो हे खरे आहे, परंतु मळीचा साठा आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असते. शिवाय माश्या, मुंगळे आणि चिकटलेली हेल्मेटे यांचा बंदोबस्त कोणी करायचा?

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

पुढे १० बाय ४.५० आणि मागे ११ बाय ६ किंवा ७.१० मापाचे, पाच इंची रिमवरचे टायर असतील, तर थंड असताना ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) येथून सुरुवात करावी आणि एका वेळी अर्ध्या पीएसआयनेच बदल करावा. डावीकडे वळणाऱ्या ओव्हलवर उजव्या चाकांत, म्हणजे बाहेरच्या बाजूला, एखादा पीएसआय जास्त ठेवण्याची रीत आहे, कारण वळणात तेथेच भार येतो.

हवा वाढवावी की कमी करावी, याबद्दल दोन मते ऐकू येतील आणि दोन्ही आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. हवा वाढवली की जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार वाढतो, टायर मातीत अधिक दाबला जातो आणि मधला भाग लवकर तापतो. थंड सकाळी किंवा केवळ आठ-दहा फेऱ्यांच्या छोट्या शर्यतीत कडक टायरला हे मानवते. हवा कमी केली की टेकणारा भाग मोठा होतो आणि गाडी खडबडीत जागी कमी उडते. परंतु बाजूची भिंत वळणात दुमडू लागते, चालकाला गाडी उशिरा प्रतिसाद देते, आणि फारच कमी केल्यास टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड, पकडणारे स्क्रू लावलेले नसतील तर ६ पीएसआयच्या खाली मी जाऊ देत नाही.

तापल्यावर दाब किती वाढतो, हे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. गेजवर ८ पीएसआय दिसतात तेव्हा त्यात वातावरणाचा दाब धरलेला नसतो. आपल्या उंचीवर तो साधारण साडेतेरा पीएसआय असतो, म्हणून टायरमधील खरा दाब सुमारे साडेएकवीस होतो. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली तर निरपेक्ष तापमान ३०० वरून ३३० होते, म्हणजे एक दशांशाने वाढते, आणि तेवढ्याच प्रमाणात दाबही वाढतो. साडेएकवीसचा एक दशांश म्हणजे जवळजवळ दोन पीएसआयची वाढ. सकाळी ८ वर भरलेला टायर शर्यतीच्या शेवटी १० वर असेल, तर शेवटच्या फेऱ्यांत गाडीचा स्वभाव का बदलला याचे उत्तर तेथेच मिळते. म्हणून उभ्या गाडीचे टायर नेहमी सावलीत ठेवून हवा तपासावी. एका बाजूला ऊन असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत.

एक बारीक गोष्ट सांगतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर आणि सातारा सुमारे ७४० मीटर उंचीवर आहे. सांगलीत हवा भरून साताऱ्यात गाडी उतरवली तर तापमान तेच असले तरी गेज पाव पीएसआयहून थोडे जास्तच दाखवेल. एवढ्याने शर्यत हातची जात नाही, पण अर्ध्या पीएसआयचे बदल करणाऱ्याने हवा नेहमी मैदानावर पोहोचल्यावरच ठरवावी हे त्यावरून कळते.

पंक्चरवाल्याचे गेज चालेल का?

नाही. ते ट्रकच्या टायरपर्यंतचे दाब दाखवण्यासाठी असते, आणि त्यावर ८ आणि १० यांतले अंतर काट्याच्या जाडीएवढे असते. शून्य ते पंधरा किंवा शून्य ते वीस पीएसआयचे गेज घ्यावे आणि ते कोणालाही उसने देऊ नये. दोन गेज एकमेकांशी जुळत नसतील तर एक निवडून त्याच्याशीच प्रामाणिक राहावे. मी एक संपूर्ण फेब्रुवारी घरी एका गेजने आणि मैदानावर दुसऱ्या गेजने हवा मोजत होतो, आणि दोष चासीत शोधत होतो.

हवा बरोबर आहे हे टायरकडे पाहून कळते का?

बऱ्याच अंशी कळते. सहा-सात फेऱ्यांनंतर गाडी थांबवून टायर हात न लावता पाहावा. संपूर्ण रुंदीवर सारखा, राखाडीसर, सुती कापडासारखा पोत दिसत असेल तर हवा ठीक आहे. मधला पट्टा चकचकीत आणि कडा धुळकट असतील तर हवा जास्त आहे. कडा घासलेल्या आणि मध्यावर मातीचा थर तसाच असेल तर ती कमी आहे. बाजूच्या भिंतीवर खडूची उभी रेघ मारून ठेवल्यास वळणात टायर कुठपर्यंत दुमडतो हेही समजते. लेझरचे तापमापक केवळ वरच्या कातडीचे तापमान सांगते, आणि ती गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबवण्याच्या जागी, येईपर्यंत थंड झालेली असते. सुई टोचून मोजणारे उपकरण मिळाले तर त्याच्या आकड्यांवर अधिक विसंबता येते.

नवा टायर थेट शर्यतीत वापरावा का?

शक्यतो नाही. साच्यातून निघालेल्या टायरच्या पृष्ठभागावर गुळगुळीत झिलई असते. आदल्या दिवशी आठ-दहा फेऱ्या हळूहळू वेग वाढवत माराव्यात आणि नंतर टायर पूर्ण थंड होऊ द्यावा. पहिल्याच फेरीत गाडी आडवी घसरवली तर फक्त वरची कातडी भाजते.

टायर चकाकू लागला तर घासावा का?

नियमात परवानगी असेल तर अवश्य घासावा. मात्र किती, याला मर्यादा आहे. घसरण्यामुळे आणि उन्हामुळे रबराची वरची पातळ कातडी कडक होते आणि पाटीसारखी निळसर चमकू लागते. तिच्याखाली अजून चांगले रबर असते. चाक स्टँडवर बसवून हाताने फिरवत ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, संपूर्ण रुंदीवर सारख्या दाबाने धरावा. चमक गेली आणि बोटांना मखमलीसारखा खरखरीतपणा लागला की थांबावे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून हे काम अर्ध्या मिनिटात होते, पण त्या अर्ध्या मिनिटात रबर तापून पुन्हा भाजते आणि चाक गोल राहत नाही. घासताना तोंडाला मास्क लावावा. त्यानंतर साध्या पाण्याने आणि ब्रशने टायर धुऊन सावलीत वाळवावा.

रॉकेल, डिझेल किंवा थिनर लावले तर टायर मऊ होतो ना?

काही काळ होतो, आणि त्यामुळेच हा प्रश्न मिटत नाही. थिनर किंवा पेट्रोल रबरात शिरून ते फुगवते, परंतु उडून जाताना रबरातील तेलांपैकी काही भाग बाहेर काढते. त्यामुळे पुढच्या रविवारी तोच टायर पूर्वीपेक्षा कडक झालेला असतो. मग पुन्हा थिनर लावायचा, अशी ती सवय लागते. आरोग्याची बाजू याहून गंभीर आहे. थिनरमध्ये टोल्युइन आणि झायलिन असू शकतात आणि त्यांचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असते, आणि त्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. हातमोजे न घालता टायर चोळणाऱ्याच्या कातडीतून आणि बंद खोलीत श्वासातून ही द्रव्ये शरीरात जातात. ज्या घरात पोरे टायर पलंगाखाली ठेवतात तेथे तर विचारूच नये.

पकडले जाण्याचे मार्गही बरेच आहेत. मोठ्या स्पर्धांत बाष्प हुंगणारे यंत्र वापरतात आणि संशय आल्यास टायरचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात. आम्ही चिठ्ठ्या टाकतो : शर्यतीच्या सकाळी कोणाचे टायर कोणाच्या गाडीला बसतील हे चिठ्ठीवर ठरते. हा नियम आल्यापासून थिनरचा वास बंद झाला.

कडकपणा कशाने मोजतात?

ड्युरोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने, शोर ‘ए’ मापावर. त्याची बोथट सुई रबरात पूर्ण, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, शिरली तर शून्य आणि मुळीच शिरली नाही तर शंभर. उपकरण टायरवर सरळ उभे टेकवावे, वाचन लगेच घ्यावे आणि तीन-चार ठिकाणची सरासरी काढावी. तापमान वाढले की आकडा उतरतो, म्हणून सर्व टायर एकाच सावलीत तासभर ठेवूनच मोजावेत. नाहीतर सकाळचा ६४ आणि दुपारचा ६० यांची तुलना करून शेजाऱ्यावर आरोप करण्याची वेळ येते.

या उपकरणाचा खरा उपयोग खरेदीच्या वेळी होतो. मी एकदा एका विक्रेत्याकडून नवे म्हणून चार टायर घेतले आणि गाडी फक्त डावीकडूनच का घसरते हे दोन महिने कळेना. शेवटी ड्युरोमीटर लावला, तेव्हा मागचा डावा टायर उरलेल्या तिघांपेक्षा सात अंकांनी कडक निघाला. तो नक्षी शाबूत असलेला, पण पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे भाजलेला माल होता.

टायरला हात न लावता चासीतून पकड कशी वाढवावी?

येथे आधी कार्टचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कार्टला सस्पेन्शन नसते आणि मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) एकसंध असतो, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापू पाहते, आतले कमी, पण दोघे एकाच दांड्याला जखडलेले असतात. त्यामुळे मागच्या आतल्या चाकावरचे वजन हलके झाले नाही तर ते गाडीला सरळ ढकलते. (वळणावर ती नावाला जागते आणि खरोखरच कार्टी होते.) डांबरावर भरपूर पकड असल्यामुळे वजन आपोआप बाहेरच्या बाजूला जाते. कडक टायर आणि माती असताना ते पुरेसे जात नाही, आणि म्हणून त्याला मदत करावी लागते.

बाहेर जाणारे वजन साध्या सूत्राने काढता येते : एकूण वजन, गुणिले वळणातला आडवा जोर, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले चाकांमधील रुंदी. चालकासह १६० किलोची गाडी ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) एवढ्या जोराने वळत असेल, गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटरवर आणि रुंदी ११० सेंटिमीटर असेल, तर सुमारे २९ किलो वजन बाहेर जाते. सीट उचलून गुरुत्वमध्य २७ वर नेला तर हाच आकडा ३१ किलोच्या पुढे जातो. दोन-अडीच किलो हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात आतले चाक सुटणे आणि न सुटणे यांतला फरक तेवढाच असतो.

म्हणून क्रमाने सीट एक-दीड सेंटिमीटर वर घ्यावी, मग मागची रुंदी दोन्ही बाजूंनी थोडी आत घ्यावी, आणि मग पुढे कॅस्टर (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचा मागे झुकलेला कोन) वाढवावा, कारण कॅस्टरमुळे स्टिअरिंग फिरवताच मागचे आतले चाक उचलले जाते. एका वेळी एकच बदल करावा. अति केल्यास गाडी वळणात उड्या मारू लागते किंवा दोन चाकांवर येते, आणि मग सर्वांत शेवटी केलेला बदल मागे घ्यावा.

चारही चाकांवरचे वजन कसे मोजावे, आणि किती असावे?

चार सारखे वजनकाटे आणि पाणसळीने तपासलेली सपाट फरशी लागते. चालक पूर्ण वेशात, टाकीत शर्यतीएवढे इंधन आणि हात स्टिअरिंगवर सरळ, अशा स्थितीतच वाचन घ्यावे. आमच्याकडे चार काटे नव्हते, तेव्हा हळदीच्या अडतीवरचे ओळखीचे इलेक्ट्रॉनिक काटे रविवारी उसने आणले होते. कार्ट पिवळी झाली, पण वजन बिनचूक आले.

अमेरिकेतील डावीकडे वळणाऱ्या ओव्हल कार्टमध्ये पुढच्या बाजूला साधारण ४२ ते ४५ टक्के आणि डाव्या बाजूला ५४ ते ५९ टक्के वजन ठेवतात. कडक टायर असताना डावीकडचे वजन या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे ठेवून पाहावे, म्हणजे उजव्या चाकांवर अधिक भार येऊन ती मातीत दबतील. दोन्हीकडे वळणे असलेल्या ट्रॅकवर हे आकडे वापरू नयेत. तेथे डावे-उजवे सारखेच हवे.

स्टॅगर किती द्यावा?

मागच्या उजव्या टायरचा परीघ डाव्यापेक्षा जास्त ठेवणे म्हणजे स्टॅगर. यामुळे एकसंध ॲक्सल, टेबलावर घरंगळणाऱ्या चहाच्या पेल्यासारखा, आपोआप वळतो. हिशेब असा : परीघ गुणिले दोन चाकांच्या मध्यांतील अंतर, भागिले वळणाची त्रिज्या. ८७ सेंटिमीटर परीघ, ९० सेंटिमीटर अंतर आणि २५ मीटर त्रिज्या असेल तर ३.१ सेंटिमीटर येतात. सरळ भागात गाडी ओढू नये म्हणून यापेक्षा थोडा कमी ठेवून सुरुवात करावी. परीघ शिंप्याच्या टेपने मोजता येतो, पण कापडी टेप ताणला जातो. पातळ पोलादी टेप उत्तम. कडक टायर हवेने फारसा फुगत नाही, त्यामुळे हवा कमी-जास्त करून स्टॅगर साधत नाही. टायर घेतानाच सगळे मोजून मोठे-लहान जोड्या लावून घ्याव्यात.

रुंद रिमने फरक पडतो का?

पडतो, पण थोडा. रुंद रिमवर बाजूची भिंत ताणली जाते आणि टायर अधिक ताठ होतो. अरुंद रिमवर मधला भाग फुगीर होतो. कडक टायर मुळातच ताठ असल्यामुळे मी मधली रुंदी वापरतो आणि वेळ दुसरीकडे घालवतो.

चालवण्यात काय बदलावे?

सर्वांत जास्त वेळ येथेच मिळतो, आणि सर्वांत कमी मुलांना हे ऐकायचे असते. मऊ टायर घसरला तरी लगेच पुन्हा पकडतो. कडक टायर एकदा सुटला की सुटलेलाच राहतो, आणि त्या घसरण्यात वरची कातडी भाजून पुढच्या वळणाची पकडही कमी होते. आडवी गाडी, उडणारी धूळ आणि टाळ्या हे सगळे घड्याळात उणे धरले जाते.

ब्रेक लवकर आणि हलका लावावा, आणि स्टिअरिंग फिरवण्याआधी सोडावा. वळणात शिरताना स्टिअरिंग झटक्याने न फिरवता चाकांना मातीत दबायला क्षणभर वेळ द्यावा. त्या क्षणात बाहेरच्या चाकांवर वजन येते आणि मगच ती वळवू शकतात. वळण शक्य तितके मोठे, गोलाकार घ्यावे. मी कुंपणाबाहेर उभा राहून डोळे मिटून इंजिन ऐकतो : वळणाच्या मध्यावर आवाज जितका कमी खाली येतो तितका चालक चांगला. दीडशे सीसीच्या इंजिनाला गमावलेला वेग परत मिळवायला अख्खी सरळ वाट लागते.

दुपारनंतर लाइनही बदलावी लागते. जेथे सकाळी सर्व जण चालत होते तेथे माती गुळगुळीत होऊन चकाकू लागते. काही वेळा त्याच पट्ट्यावर टायरचे रबर बसून तो काळपट होतो, आणि मग तो सोडू नये. काही वेळा मात्र तो केवळ पॉलिश झालेला असतो, आणि तेव्हा एक चाक बाहेरच्या ओलसर कडेवर ठेवणे फायद्याचे ठरते. दोन्हींतला फरक बोटाने घासून कळतो : रबर बसले असेल तर बोट काळे होते, नसेल तर पिठासारखी धूळ लागते.

टायर कसे साठवावेत?

हवा कमी करून, धुऊन, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात. ऊन आणि ओझोन रबर कडक करतात. त्यामुळे ओझोन सोडणारे वेल्डिंग यंत्र किंवा ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारी यांच्याजवळ टायर ठेवू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून बराच वर जातो.

मध्येच वळीव आला तर?

गाड्या झाकाव्यात आणि ट्रॅकवर कोणालाही, पायीसुद्धा, जाऊ देऊ नये. ओल्या मातीत उमटलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढे रोलरलाही दाद देत नाही. मुरमाचा ट्रॅक कडक ऊन पडल्यास एक-दोन दिवसांत वाफशावर येतो. गाळ जास्त असेल तर चार दिवस थांबावे, आणि काळ्या मातीवर ट्रॅक आखला असेल तर त्या आठवड्याची शर्यत पुढे ढकलल्याचा निरोप त्याच संध्याकाळी सर्वांना पाठवून द्यावा.